लिब फोल्डरची वही

खराडीच्या ऑफिसात रुजू झाले तेव्हा मला एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि एकशे चौदा जार मिळाले. टेबल आणि कॉम्प्युटर कंपनीचे होते. जार कोणाचे होते ते कोणालाच नीट सांगता येत नव्हतं.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. जावामध्ये एखादी वेबसाइट बांधायची तर सगळा कोड कोणी स्वतः लिहीत बसत नाही. डेटाबेसशी बोलायचं, पीडीएफ काढायची, तारखांचे हिशेब करायचे, या प्रत्येक कामाचा कोड जगात कोणीतरी आधीच लिहून ठेवलेला असतो. तो एका फाइलीत बांधून मिळतो, तिला जार म्हणायचं. जार आणायचा आणि प्रोजेक्टच्या लिब नावाच्या फोल्डरमध्ये टाकायचा. आपला प्रोजेक्ट त्या जारवर अवलंबून, तो जार आणखी दोन जारांवर, ते आणखी कशावर तरी. आता हे सगळं सांभाळणारी साधनं आहेत. तेव्हा ती नुकती येऊ लागली होती आणि आमच्यापर्यंत पोचलीच नव्हती. आमच्याकडे नवीन माणूस आला की त्याने शेजारच्याच्या मशीनवरून अख्खं लिब फोल्डर कॉपी करून घ्यायचं, अशी पद्धत. ज्याला जे लागलं ते त्याने आणून टाकलं होतं. काढलं मात्र कोणीच काही नव्हतं, कारण काढल्यावर काय बंद पडेल याची खात्री नव्हती. घरातल्या माळ्यासारखं ते वर्षानुवर्षं भरत गेलं होतं. एका जारचं नाव होतं ‘कॉमन-न्यू’, दुसऱ्याचं ‘कॉमन-न्यू-फायनल’ आणि तिसऱ्याचं ‘कॉमन-न्यू-फायनल-हाच-वापरा’. वापरात पहिला होता.

मी मूळची अमरावतीकडची. पुण्यात धायरीला दोन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचे आणि रोज दोन बस बदलून शहराच्या या टोकाकडून त्या टोकाला खराडी गाठायचे. स्वभाव तापट. आई म्हणायची, लोकांच्या नाकावर राग असतो, हिच्या नाकावर त्याने घर बांधलंय. पसारा दिसला की माझं डोकं फिरायचं. त्यामुळे ते लिब फोल्डर बघून पहिल्याच सकाळी फिरलं.

पण त्यासाठीच तर मला घेतलं होतं. आमचा मॅनेजर माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठा, सरळ माणूस. त्याने मला बसवून सांगितलं, “हे सगळं मेव्हनवर आणायचं आहे. तीन महिने घे. झालं की टीम लीड तूच.” मेव्हनमध्ये एक यादी लिहायची असते, अमुक जार, अमुक व्हर्जन. मग ते साधन इंटरनेटवरच्या मोठ्या कोठारातून तो जार स्वतः आणतं, आणि त्या जारला जे लागतं तेही आणतं. फोल्डर कॉपी करायची भानगडच संपते. मी खूश झाले. तेवढ्यात मॅनेजरने आवाज खाली आणला. “आणि मग त्यांचंही काय ते बघता येईल.”

‘ते’ म्हणजे कोपऱ्यातल्या टेबलावर बसणारे आमचे सगळ्यांत वयस्क सहकारी. वय छप्पन्न. निवृत्तीला दोन वर्षं. जन्म पेठेतला, आणि बोलणंही. पूर्वी ते पिंपरीकडच्या एका कारखान्यात, जुन्या मोठ्या मशीनवर कोबोल नावाच्या जुन्या भाषेत प्रोग्रॅम लिहायचे. कारखान्याने ते खातंच बंद केलं आणि यांना सेहेचाळिसाव्या वर्षी घरी पाठवलं. मग कॉलेजच्या पोरांबरोबर क्लासला बसून ते जावा शिकले. आमचा प्रोजेक्ट म्हणजे मार्केट यार्डातल्या एका वाहतूकदाराचं काम: कुठल्या ट्रकमध्ये कोणाचा माल चढला, ट्रक कुठे निघाला, त्याचा गेटपास. ते यात पहिल्या दिवसापासून होते. बरोबरचे सगळे दुसऱ्या कंपन्यांत किंवा परदेशी गेले. हे राहिले.

“लिब फक्त त्यांना कळतं म्हणून ते आहेत,” मॅनेजर म्हणाला. “तू मायग्रेशन केलंस की कळण्यासारखं काही उरणारच नाही. वरून सारखं विचारतात, या वयाचा माणूस टीममध्ये कशाला?” त्याला हे बोलायला आवडत नव्हतं हे दिसत होतं. पण तो बोलला.

त्यांना स्वतःला याची पूर्ण कल्पना होती. एकदा चहाच्या मशीनपाशी आम्ही दोघंच होतो तेव्हा आपणहून म्हणाले, “मला एकदा काढून झालंय. आठ महिने घरी होतो. आमच्या गल्लीत रोज कोणीतरी विचारायचं, काय, आज रजा? रोज. आठ महिने.” मग कप टाकून देत म्हणाले, “आता वय झालं म्हणून जायचंय. त्याबद्दल कोणी काही विचारत नाही.” माणसाची इच्छा एवढीच होती आणि ती मोडणारं काम माझ्या हातात होतं. हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी सत्तावीस वर्षांची होते आणि मला टीम लीड व्हायचं होतं.

पहिल्या दिवशी मी त्यांना भेटायला गेले तेव्हा “सर” म्हणून सुरुवात केली.

“सर म्हणू नका, मी शिकवत नाही,” ते म्हणाले. “मुलं मागे काका म्हणतात, तेही नको. आपलं नातं नाही.”

मग मी त्यांना ‘अहो’ एवढंच म्हणत राहिले. त्यांनी ड्रॉवरमधून एक जाडजूड बांधीव वही काढली आणि माझ्यासमोर ठेवली. “यात सगळे जार आहेत. कोणी आणला, कशासाठी आणला, कशाला हात लावायचा नाही. सवडीने वाचा.”

“हो, मी बघून घेते.”

“बघू नका. वाचा.”

झालं. माझा पारा चढला. कॉम्प्युटर कंपनीत वही! आणि वर हा तोरा! मी ती वही माझ्या टेबलाच्या सगळ्यांत खालच्या ड्रॉवरमध्ये टाकली. ऑफिसात एसी जोरात असायचा म्हणून आणलेलं माझं स्वेटर त्याच ड्रॉवरमध्ये होतं, ते तिच्यावर गेलं.

आणि मी कामाला लागले. खरं सांगते, इतकं सुख मला त्या ऑफिसात परत कधी मिळालं नाही. एकेक जार घ्यायचा, त्याचं नाव आणि व्हर्जन बघायचं, कोठारात तो आहे का शोधायचं, यादीत एक नोंद करायची आणि फोल्डरमधून काढून टाकायचा. कुठला जार कोणालाच लागत नाही असं सिद्ध झालं की मी शेजारच्या मुलीला हाक मारून दाखवायचे आणि तिच्यासमोर तो डिलीट करायचे. भांडणंही झाली. एका जारला दुसऱ्याचं जुनं व्हर्जन हवं, तिसऱ्याला त्याचंच नवं, आणि एका घरात दोघं नांदायला तयार नाहीत. अशी भांडणं सोडवण्यात आठवडा आठवडा गेला. एकशे चौदाचे एकसष्ट झाले.

ते आपल्या टेबलावरून हे बघत असत. कधी मध्ये बोलले नाहीत. एकदाच माझ्या मागून जाताना थांबले आणि म्हणाले, “कनेक्शन पूलचा जार तोच ठेवलात ना?”

“हो. तोच आहे, व्हर्जनसकट.”

“मग ठीक.”

मी खोटं बोलले नव्हते. त्यांनीही मला खरंच विचारलं होतं. दोघांच्या मनातला ‘तोच’ वेगळा होता, एवढंच. मी नाव आणि व्हर्जन जुळवून कोठारातला घेतला होता.

तीन आठवडे आम्ही खराडीत सगळं तपासलं. एकही चूक सापडली नाही. एका सोमवारी नवीन प्रोजेक्ट मार्केट यार्डातल्या सर्व्हरवर चढवला. सोमवार उत्तम गेला, मंगळवार उत्तम, बुधवारी मॅनेजरने माझी पाठ थोपटली. मग गुरुवार उजाडला.

त्या वर्षांत पुण्यात राहिलेल्यांना एवढं सांगितलं तरी पुरे. इतरांसाठी सांगते, गुरुवार हा वीजवाल्यांचा दुरुस्तीचा वार. सकाळी लाइट जायची आणि दुपारी त्यांना वाटेल तेव्हा यायची. खराडीत आम्हाला याचा पत्ता नसायचा. दिवा लुकलुकायच्या आत इमारतीचा जनरेटर सुरू व्हायचा. मार्केट यार्डात सर्व्हर बॅटरीवर होता, डेटाबेसचं मशीनही होतं. पण त्या दोघांना जोडणारा नेटवर्कचा डबा कोणीतरी पंख्याच्या शेजारच्या साध्या प्लगवर लावलेला. लाइट गेली, डबा बंद. लाइट आली, डबा सुरू, सगळं सुरू. आमचं सॉफ्टवेअर मात्र गपगार.

फोन आला तेव्हा साडेबारा झाले होते. मॅनेजरच्या गाडीतून आम्ही पोचलो तेव्हा गेटच्या आत ट्रकची ओळ लागली होती. माल चढलेला, ड्रायव्हर खाली उतरून सावलीला बसलेले, हमाल रिकाम्या क्रेटवर पाय पसरून. गेटपास निघत नव्हता, त्यामुळे कोणाला हलता येत नव्हतं. तिथला कारकून मला बघून तडक उठलाच. “मॅडम, सकाळपासनं एक चाक हाललं नाय. टमाटा हाय त्यो, आपल्यासाठी थांबत नाय. आधीचं बरं चालत व्हतं की!”

मी सर्व्हरसमोर बसले. एक वाजला, दीड वाजला. लॉग वाचते आहे आणि काही कळत नाही. रीस्टार्ट केलं की चालायचं. मी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि पहिला गेटपास निघायच्या आत परत लाइट गेली, आली, आणि पुन्हा सगळं ठप्प. मागे कारकून उभा, त्याच्या मागे चार ड्रायव्हर, सगळ्यांची नजर स्क्रीनवर.

तेवढ्यात ते आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. ऑफिसात कानावर पडलं म्हणून बस पकडून आले होते. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. माझ्या मागे येऊन उभे राहिले.

“लाइट गेली होती?”

“हो.”

“पूलचा जार कुठून घेतलात?”

“कोठारातून. तेच नाव, तेच व्हर्जन.”

ते स्क्रीनकडे वाकले. मग शर्टच्या खिशातून पेन ड्राइव्ह काढत म्हणाले, “उठा जरा.” जुना जार त्यांनी जागेवर ठेवला, सर्व्हर चालू केला, आणि कारकुनाला नेटवर्कचा डबा बंद करून परत चालू करायला सांगितलं. डबा सुरू झाला, आणि मिनिटाभरात प्रिंटर कुरकुरायला लागला. पहिला गेटपास बाहेर आला तेव्हा बाहेर कोणीतरी हॉर्न वाजवला.

कारण त्यांनी मला तिथेच सांगितलं. कनेक्शन पूल डेटाबेसशी जोडणाऱ्या काही वाटा आधीच उघडून हाताशी ठेवतो आणि जो मागेल त्याला त्यातली एक देतो. लाइट गेली की त्या वाटा मरतात. मूळ जारला ते कळत नव्हतं, तो मेलेल्या वाटाच सगळ्यांना वाटत बसायचा. पाच वर्षांपूर्वी अशाच एका गुरुवारी त्यांनी तो जार उघडला होता. देण्याआधी वाट जिवंत आहे का ते तपासायचं, मेलेली असेल तर टाकून नवी उघडायची, एवढं त्यात घातलं आणि परत बांधून ठेवला. नाव मात्र जुनंच ठेवलं, कारण ते प्रोजेक्टमध्ये सतरा ठिकाणी लिहिलेलं होतं.

“नाव बदलायला हवं होतं,” ते म्हणाले. “कंटाळा केला. चूक माझी.”

ते शब्द ऐकून मला किती हलकं वाटलं! आज लिहितानाही लाज वाटते, पण वाटलं खरं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने बोलावलं. वाहतूकदाराला लेखी खुलासा हवा होता आणि आमच्या वरच्यांनाही. “मूळ कारण असं लिहू या,” तो म्हणाला. “बाहेरून आणलेल्या जारमध्ये परस्पर बदल केला गेला. त्याची कुठेही नोंद नव्हती. बरोबर ना?”

नोंद म्हटल्यावर खालचा ड्रॉवर डोळ्यांसमोर दिसला.

“बरोबर,” मी म्हणाले.

मॅनेजर खिडकीबाहेर बघत होता. “मग त्यांना महिनाअखेर सोडावं लागेल. हे वाचल्यावर वरून तेच येणार. दोन वर्षं कशीतरी ढकलता येतील असं वाटत होतं मला.” आणि मग म्हणाला, “ड्राफ्ट त्यांना एकदा दाखव. तांत्रिक काही चुकायला नको.”

मी ड्राफ्ट लिहिला. त्यातलं एक वाक्य सोडलं तर बाकी सगळं खरं होतं. जेवणाच्या सुट्टीआधी तो त्यांच्या टेबलावर ठेवला आणि शेजारीच उभी राहिले. मनात सगळी तयारी केली होती. ते म्हणतील, मी वही दिली होती. मग मी म्हणणार, वहीला नोंद म्हणत नाहीत, नोंद सिस्टममध्ये असावी लागते. ते चिडतील, मीही चिडेन. चिडायला मला कधी त्रास पडला नाही.

त्यांनी चष्मा पुसला आणि वाचायला घेतलं. मी लिहिलं होतं, ‘अंदाजे वीस ओळींचा बदल’. त्यांनी ‘अंदाजे वीस’ खोडून ‘तेवीस’ केलं. बदललेल्या क्लासचं, म्हणजे जारमधल्या कोडच्या त्या तुकड्याचं नाव मी अर्धवट लिहिलं होतं, ते पूर्ण केलं. ‘या बदलाची कुठेही नोंद आढळली नाही’ या वाक्याशी त्यांचं पेन थांबलं. मग पेन पुढे गेलं.

“बाकी ठीक आहे,” म्हणाले आणि कागद माझ्या हातात दिला.

मला त्यांचाच राग आला. बोलत का नाही हा माणूस? एक वाक्य बोलला असता तर मला भांडता आलं असतं. आता त्या कागदाचं काय करू मी?

जेवणाच्या सुट्टीत सगळे कँटीनला गेले तेव्हा मी खालचा ड्रॉवर उघडला. स्वेटर बाजूला केलं. वही काढताना माझ्या मनात काय होतं तेही सांगते. नोंद त्यात नसावी, असं होतं. नसती तर माझं वाक्य खरं ठरलं असतं.

अकराव्या पानावर होती. खाली लाल रेघ मारलेली. ‘हा जार मूळ नाही. एक क्लास बदलला आहे. लाइट गेल्यावर मेलेली कनेक्शन्स टाकून देतो. मूळ जार आणून घालू नये. घातल्यास गुरुवारी कळेल.’

मी पुढची पानं उलटत गेले. प्रत्येक जारची नोंद होती. ‘हा कशासाठी आहे माहीत नाही. काढून पाहिला, लॉगिन बंद पडलं. परत ठेवला.’ ‘हा ज्यांनी आणला ते अमेरिकेस गेले. दोन ईमेल पाठवल्या. सुखरूप असावेत.’ ‘हे तिन्ही सारखेच दिसतात. नाहीत.’ ज्या भांडणांत माझे आठवडे गेले होते ती सगळी तिथे सोडवून ठेवलेली होती. बासष्ट पानं. आणि शेवटच्या पानावर फक्त तीन ओळी.

‘यादी पूर्ण. वही नवीन बाईंना देणार आहे, हुशार आहेत म्हणतात. आता माझ्यावाचून कोणाचं अडणार नाही.’

मी ती वही मांडीवर घेऊन बसून राहिले. आमच्या धंद्यात प्रत्येक जण काही ना काही दाबून ठेवतो. कोणी पासवर्ड डोक्यात ठेवतो, कोणी मुद्दाम दुसऱ्याला कळणार नाही असा कोड लिहितो. आपल्यावाचून अडलं पाहिजे, मग कंपनी काढत नाही, हे पहिल्या वर्षातच सगळे शिकतात. या माणसाकडे टिकून राहायला दुसरं काहीही नव्हतं. लिब फक्त त्यांना कळत होतं, बस. आणि ते सगळं त्यांनी बासष्ट पानांत लिहून काढलं, आणि त्यांच्या जागी जिला आणलं होतं तिच्या हातात पहिल्याच दिवशी ठेवलं. कशासाठी? तर पुढच्या माणसाला त्रास होऊ नये म्हणून.

मला रडू आलं. तरी मी लगेच उठले नाही, हेही खरं. जेवणाचा डबा समोर तसाच होता आणि मी लीडचा विचार करत बसले. खरं सांगितलं तर लीड गेलं. शिवाय सगळ्या टीममध्ये माझं नाव होणार, ती वही न वाचणारी. अर्धा तास मी स्वतःला समजावत होते की एवढ्याने काही होत नाही, वयाने त्यांना आज ना उद्या काढणारच होते. मग मला माझाच इतका राग आला की मी उठलेच. आयुष्यात माझ्या रागाचा उपयोग झाला असेल तर तो त्या दुपारी.

मॅनेजरच्या केबिनमध्ये मी त्यांनाही बोलावून घेतलं. वही टेबलावर ठेवली. “नोंद आहे,” मी म्हणाले. “अकराव्या पानावर. ही वही मी रुजू झाले त्या दिवसापासून माझ्याकडे आहे. मी ती उघडली नाही.”

मॅनेजर माझ्याकडे बघत राहिला. “उघडलीच नाहीस?”

मी तोंड उघडणार एवढ्यात ते बोलले. “उघडली असेल हो त्यांनी. माझं अक्षर वाईट आहे. लागलं नसेल.” आणि सहज उचलल्यासारखी वही उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवली.

त्यांच्या अक्षराबद्दल इथे सांगायलाच हवं. मी ते तासाभरापूर्वी पाहिलं होतं. प्रत्येक पानाला पट्टीने आखलेला समास, जारची इंग्रजी नावं एकेक अक्षर सुटं काढलेली, मराठी मजकूर छापल्यासारखा. कारखान्यात सूचनाफलक लिहायचं काम त्यांच्याकडे असायचं. स्वतःबद्दल त्यांना कशाचा अभिमान असेल तर तो तेवढ्याचाच. आमच्यापैकी कोणी हजेरीपत्रकावर गिचमिड सही केली की ते विचारायचे, “ही सही आहे की कोंबडी चालून गेली?” तो माणूस माझी चूक झाकायला स्वतःचं अक्षर वाईट आहे म्हणून सांगत होता, आणि तेही तो ड्राफ्ट वर गेला की स्वतःची नोकरी जाणार हे कळत असताना.

मॅनेजर खुर्चीत मागे रेलला. “बरं. मग आता काय? हे सगळं टाइप होऊन प्रोजेक्टमध्ये यायला हवं. किती दिवस लागतील?” प्रश्न मला होता.

तेव्हा मला एकदम सुचलं. विचार करायला वेळच नव्हता.

“अक्षर खरंच लागत नाही,” मी म्हणाले. “एक ओळ लागेल तर शपथ! त्यांनी शेजारी बसून वाचून दाखवलं तरच होईल.”

त्यांनी माझ्याकडे मान वळवली. चष्म्यावरून बघत राहिले.

“किती दिवस?” मॅनेजरने परत विचारलं.

“दोन वर्षं,” मी म्हणाले.

मग ते खाकरले. “तरी,” ते म्हणाले. “दोन वर्षं तरी.”

मॅनेजरने वहीकडे बघितलं. एक हात पुढे केला, मागण्यासाठी. मग तो हात मागे घेतला. तो मूर्ख नव्हता. एक वही टाइप करायला किती दिवस लागतात ते त्याला कळत होतं, आणि ती उघडली तर काय दिसेल याचाही अंदाज त्याला आला असावा. त्याने माझा ड्राफ्ट ओढून घेतला आणि ते एक वाक्य खोडलं. त्याजागी लिहिलं, ‘प्रक्रियेत त्रुटी’.

“कोणाची?” मी विचारलं. माझं तोंड कधी वेळेवर बंद राहिलेलं नाही.

“प्रक्रियेची,” तो म्हणाला. “तुझ्या लीडचं पुढच्या वर्षी बघू.”

ते दोन वर्षं राहिले आणि वय झाल्यावर, हार घालून, रीतसर गेले. मला लीड पुढच्याच्या पुढच्या वर्षी मिळालं, तेही ठीकच झालं. वहीला मात्र अठरा दिवस लागले. रोज जेवणानंतर तासभर ते माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसायचे. ते वाचायचे, मी टाइप करायचे. प्रत्येक जारची माहिती यादीत त्या त्या जारच्या शेजारी गेली. बदललेल्या जारला वेगळं नाव दिलं आणि कंपनीच्या स्वतःच्या कोठारात ठेवलं, म्हणजे पुढे कोणी चुकून मूळ आणणार नाही. मुलं जाता-येता बघायची, आणि वाचून दाखवावं लागतं म्हणजे अक्षर किती भयंकर असेल, असं आपापसात बोलायची. ती जवळून गेली की ते मुद्दाम डोळे बारीक करून वही जवळ धरायचे.

अठराव्या दिवशी शेवटचा जार झाला. त्यांनी पान उलटलं. त्या तीन ओळी मला पाठ होत्या. मी बोटं कीबोर्डवर ठेवून थांबले. ते मनातल्या मनात वाचत होते, दोनदा वाचलं असावं.

“झालं,” ते म्हणाले.

“एक पान राहिलंय ना?”

“ते कोरं आहे,” ते म्हणाले, आणि वही मिटून आपल्या टेबलाकडे गेले.